फॉरवर्डमधला 'नवीन' नियम

बी-४०२: (फॉरवर्ड केलेला मेसेज) शासनाचा मोठा दणका!!! खासगी हॉस्पिटलांसाठी नवीन नियम!!! १५ सेवांचे दर भिंतीवर लावणे बंधनकारक!!! हरकती पाठवायला फक्त २ दिवस!!! सगळ्या ग्रुपवर पाठवा!!!

बी-४०२: खरंय का कुणाला माहितेय? मसुदा आलाय म्हणतात.

ए-२०३: बरं झालं. आता कळेल एकेकाला.

सी-३०१ सचिव: आज ११ ते २ टाकी धुणार आहेत, पाणी बंद राहील. वर टाकलं होतं, फॉरवर्डखाली गेलं म्हणून परत टाकतोय.

ए-१०१: दोन्ही वाचलं. पाण्याचं खरं आहे, दुसरं शिळं. पंधरा सेवांचे दर लावायचा नियम १४ जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीतला आहे. शुश्रूषागृह म्हणजे नर्सिंग होम, त्याच्या नोंदणीचा मूळ कायदा १९४९ चा, त्याखालच्या नियमांत ही दुरुस्ती झाली. रुग्ण हक्कांची सनद लावणं, तपशीलवार बिल देणं, सगळं त्यातच आहे. लागू असलेल्या नियमावर हरकत कसली घेताय?

बी-४०२: काका, मग मसुदा आहे की पक्का नियम हे ओळखायचं कसं? मेसेजमध्ये तर शिक्कापण होता.

ए-१०१: शिक्का बघू नका, राजपत्र उघडा. मसुदा असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. शिवाय एक ठरलेलं वाक्य असतं की अमुक तारखेनंतर शासन हा मसुदा विचारात घेईल आणि तोवर आलेल्या हरकती व सूचनांचा विचार होईल. खाली पत्ता. ज्या कायद्यात 'पूर्वप्रसिद्धी करून नियम करावेत' असं म्हटलंय, तिथे हे सगळं करावंच लागतं. कसं करायचं ते महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४ मध्ये आहे. नाव वाचूनच डुलकी लागते, पण कामाची चीज आहे.

ए-२०३: आणि आलेल्या हरकती वाचतं कोण? रद्दीत जात असणार.

ए-१०१: मी नोकरीतली अकरा वर्षं बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक टेबलावर काढली. कुठल्या खात्यात ते जाऊ दे. हरकतींचे गठ्ठे माझ्या टेबलावरूनच आत जायचे. एकाच मजकुराच्या चारशे झेरॉक्स आल्या की साहेब वरची एक वाचायचे आणि शेरा मारायचे, 'याच आशयाची आणखी ३९९'. पण एखादं हाताने लिहिलेलं पत्र यायचं. नियमाचा क्रमांक, त्यातला कुठला शब्द अडतो, त्याजागी कुठला शब्द हवा आणि स्वतःवर काय प्रसंग आला, एवढंच त्यात असायचं. त्याचं स्वतंत्र टिपण निघायचं. पुढे नियम बदलायचा का? कधी बदलायचा, कधी नाही. पण टिपण निघायचं.

बी-२०१: काका, मी बोलू का? सासूबाईंना गेल्या महिन्यात दोन दिवस ॲडमिट केलं होतं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. दरपत्रक होतं, नाही असं नाही. पण कुठे, तर पाण्याच्या कूलरच्या मागे. ए-फोर कागद लॅमिनेट केलेला, वर ट्यूबलाइटचा उजेड चमकतोय. मी मोबाइलने फोटो काढून झूम करून वाचलं. खाट, डॉक्टरांची व्हिजिट, सगळे दर ठीक. सगळ्यात खाली एक ओळ, 'इतर : प्रत्यक्ष वापरानुसार'. बिलाचा तिसरा हिस्सा त्या 'इतर'मध्ये गेला. नुसते हातमोजे ३८ जोड!

ए-२०३: ३८??? सासूबाई होत्या का क्रिकेटची टीम?

सी-१०३ डॉक्टर: ताई, थोडं स्पष्टीकरण देतो, बाजू घेत नाही. दोन दिवसांत ३८ होऊ शकतात. सलाईन लावायला, रक्त घ्यायला, कॅथेटर असेल तर तो रिकामा करायला, प्रत्येक वेळी नवा जोड. तीन शिफ्टच्या तीन सिस्टर. पण मग तसं लिहून दाखवायला हवं. माणसाला नुसता आकडा दिला की तो आकडा चोरीसारखाच दिसतो.

बी-२०१: डॉक्टर, मी तेच विचारलं काउंटरवर. "सिस्टीममधून तसंच येतं" म्हणाले. केस पेपरच्या झेरॉक्स मागितल्या तर "पुढच्या आठवड्यात या".

सी-१०३ डॉक्टर: ते चूक आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या विनियमांत मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्या असं आहे. आम्हा डॉक्टरांवरच बंधन आहे ते.

ए-२०३: म्हणजे नियम आहेत, तुम्ही लोक पाळत नाही.

सी-१०३ डॉक्टर: माझं दहा खाटांचं हॉस्पिटल आहे, तेव्हा 'तुम्ही लोक'मध्ये मी आलोच. दर तीन वर्षांनी शुश्रूषागृहाची नोंदणी नव्याने. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात, प्रत्येकीवर बारकोड, रोज वजनाची नोंद. सोनोग्राफी मशीनची वेगळी नोंदणी, गर्भलिंगनिदान होऊ नये म्हणून दर गरोदर बाईमागे एफ फॉर्म. आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे बी फॉर्म, जानेवारीत आणि जुलैत. प्रत्येकाचं दार वेगळं. हे सगळं माझी एक रिसेप्शनिस्ट करते आणि तीच फोनही उचलते. मोठ्या हॉस्पिटलांत याला अख्खा विभाग असतो. नियम सगळ्यांना सारखा, पण ओझं सारखं नाही.

ए-२०३: मग काय, नियमच नकोत?

सी-१०३ डॉक्टर: असं कुठे म्हणालो? ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. त्यानंतर बी फॉर्मबद्दल कुरकुर करायला माझी जीभ उचलत नाही. जाता जाता, आपल्या बिल्डिंगचा जुलैचा बी फॉर्म गेला का?

सी-३०१ सचिव: एजन्सीला फोन केलाय.

ए-१०१: तो फोन जानेवारीपासून चालू आहे.

सी-३०१ सचिव: हा मेसेज डिलीट केला

बी-४०२: ते राहू दे. आपण सगळे मिळून शासनाला काहीतरी पाठवूया ना. मी मजकूर करतो, सगळ्यांनी सह्या करा.

ए-१०१: म्हणजे परत चारशे झेरॉक्स. मसुदा नसला तरी आरोग्य विभागाला निवेदन देता येतं, जरूर द्या. पण आठवतंय ना, २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थांच्या नियमांचा मसुदा आला होता. थकबाकीवरचं व्याज २१ टक्क्यांवरून १२ वर आणायचं त्यात होतं. तेव्हा खिडकी खरंच उघडी होती. या ग्रुपवर त्यावर रात्री एकपर्यंत भांडण झालं. पाठवलेल्या सूचना किती? शून्य.

ए-२०३: मी लिहिली होती काका. ड्राफ्टमध्ये आहे अजून.

बी-२०१: मी लिहिलंय, बघा. "खासगी हॉस्पिटलांची लूट थांबवावी, सामान्य जनता पिचली आहे, कठोर नियम करावेत ही नम्र विनंती."

ए-१०१: ताई, कळकळ आहे, पण यावर टिपण काय काढणार? 'लूट' काढा. 'कठोर' काढा. असं लिहा: दरपत्रक नोंदणी काउंटरच्या शेजारी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच फुटांवरून वाचता येईल अशा अक्षरात असावं. त्याखाली कूलरची गोष्ट चार ओळींत. आणि तुम्ही काढलेला फोटो जोडा. फोटोला उत्तर देणं अवघड असतं.

सी-१०३ डॉक्टर: 'इतर' या नावाची ओळच नको, हेही घाला. वापरलेल्या वस्तूंची यादी रोज संध्याकाळी नातेवाइकाला दाखवून सही घ्यावी. मी करतो, बिलाच्या वेळी वाद निम्म्याने कमी होतात. आणि जमलं तर लहान हॉस्पिटलांना सगळ्या नूतनीकरणांसाठी एकच अर्ज असावा, हेही.

ए-२०३: हे बरंय! आमच्या पत्रात डॉक्टरांचं काम.

बी-२०१: राहू दे हो. रिसेप्शनिस्ट अर्जांतून मोकळी झाली तर आमच्या झेरॉक्स तरी देईल.

ए-१०१: ताई, त्याआधी एक करा. शहरात या नियमांची अंमलबजावणी महापालिकेचा आरोग्य विभाग बघतो, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक. २०२१ च्या नियमांत तक्रार निवारण कक्ष आहे आणि शक्यतो २४ तासांत निकाल लावावा असं म्हटलंय. आधी तिथे लेखी तक्रार द्या. उत्तर आलं तर ते निवेदनाला जोडा. नाही आलं तर तक्रारीची पोच जोडा, ती जास्त बोलते.

बी-२०१: दिली. ऑनलाइन. १०:४० ला नंबर आला. म्हणजे उद्या १०:४०.

सी-३०१ सचिव: पाणी साडेतीनला येईल. टाकीत जास्त गाळ निघाला.

सी-१०३ डॉक्टर: एक सांगू का. आत्ता हॉस्पिटलला पोचल्यावर आधी आमचंच दरपत्रक बघितलं. औषध कंपनीच्या कॅलेंडरच्या मागे होतं.

बी-२०१: आता किती फुटांवर लावताय?

सी-१०३ डॉक्टर: पाच.

ए-२०३: फोटो टाका.