घरचा ग्रुप: हातरिक्षा गेल्यावर माथेरानात राहायचं कोणी?

पिंट्या: बापूमामा, कॉलेजात एक फॉरवर्ड फिरतंय, माथेरानला आता गाडी थेट बाजारपेठेत जाणार म्हणून. खरं आहे का?

बापूकाका: साफ खोटं. गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबणार. वर फक्त ई-रिक्षा, आणि ती कोर्टाच्या परवानगीनं. डिसेंबर २०२२ मध्ये तीन महिन्यांसाठी चालवून बघितली, तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे कोणाला पाठवू नकोस ते.

मी: पिंट्या, खरी बातमी त्याहून मोठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसानं माणूस ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा. सरकारनं पैसे नाहीत असं सांगायचं नाही. ई-रिक्षा आधी खऱ्या हातरिक्षावाल्यांना द्यायच्या, उरलेल्या आदिवासी बायकांना आणि इतर गरजूंना.

ताई: वाचून रडू आलं गं. बाबांच्या उजव्या तळव्याला दांडा धरून धरून पडलेला घट्टा आठवला. भाकरीचा तुकडा मोडतानासुद्धा बोटं पुरती मिटायची नाहीत त्यांची.

भाऊजी: हातरिक्षा बंद व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आम्हा घोडेवाल्यांचंही ऐका. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर पावसाळ्यात नाल घसरते. मागच्या जुलैत आमची घोडी गुडघ्यावर पडली, दहा दिवस कामाला नव्हती. लाल मातीत पाय रुततो, जनावर सावरतं.

बापूकाका: जावईबापू, घोडी पडली ते मी डोळ्यांनी बघितलंय, तुमचं चुकीचं नाही. पण चढाला तीच माती पावसात आम्हा हातरिक्षावाल्यांना टाच रोवू देत नव्हती. पुढे एक, मागे दोघं, आत दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा. दस्तुरीपासून अडीच-तीन किलोमीटर. आणि माती दरवर्षी धुऊन जाते, झाडांची मुळं उघडी पडतात ते वेगळंच. कोर्टानं मधला मार्ग दिलाय: दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मुख्य रस्त्याला ब्लॉक, आतल्या रस्त्यांना आणि पायवाटांना नाही. घोडे आतल्या पॉइंटांवर फिरू देत.

भाऊजी: हे पटतं. फक्त गिऱ्हाईक दस्तुरीलाच ई-रिक्षात बसलं तर आमचं अर्धं भाडं गेलं, एवढं ध्यानात असू द्या.

आत्या: मी आत्ता वाचलं सगळं. तुम्ही गिऱ्हाइकांचं बोलताय, मी राहणाऱ्यांचं बोलते. २००१ च्या जनगणनेत माथेरान ५,१३९ होतं, २०११ ला ४,३९३. नगरपरिषद १९०५ सालची, आणि वस्ती एखाद्या मोठ्या खेड्याएवढी! लोक काय हौसेनं पायथ्याच्या नेरळला उतरले का? मी का उतरले ते बापूला विचारा. पिंट्याच्या वेळी रात्री दोनला कळा सुरू झाल्या, मुसळधार पाऊस, अँब्युलन्स खाली गेलेली. बापूनं आणि शेजारच्या दोघांनी मला हातरिक्षात घातलं. वर ताडपत्री. बापू पुढे ओढतोय आणि मोठमोठ्यानं "झालं ताई, आलं, आलं" म्हणतोय, रस्ता काही सरत नाही. त्याच रात्री ठरवलं, पोर शाळेत जायच्या आत खाली खोली घ्यायची. शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, बाळंतिणी यांच्यासाठी ई-रिक्षा आधी, पर्यटक नंतर.

पिंट्या: आई, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.

मी: आत्या बरोबर बोलतेय. वर गॅसची टाकी काय, सिमेंटची गोणी काय, सगळं घोड्यावर नाहीतर हातगाडीवर येतं आणि दर पायरीला महाग होतं. पावसाळ्यात नेरळहून मिनी ट्रेन बंद, फक्त दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल चालते. दुकान, लॉजिंग, चिक्की, चपला, घोडे, हमाली, सगळं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर. दस्तुरीला दर पाहुण्याकडून जो कर घेतात त्यातला काही भाग कायम राहणाऱ्यांच्या वाहतुकीला लावा, असा अर्ज नगरपरिषदेकडे आपण सगळ्यांनी सह्या करून द्यावा.

ताई: आणि खालच्या आदिवासी वाड्यांमधल्या बायका? रोज पहाटे डोंगर चढून येतात, डोक्यावर पाहुण्यांच्या बॅगा वाहतात, संध्याकाळी परत उतरतात. जनगणनेत त्या माथेरानच्या नाहीत, पण माथेरान चालतं त्यांच्या मानेवर. कोर्टानं त्यांचं नाव घेतलंय, आता त्यांच्या वाट्याच्या ई-रिक्षा कुणा ठेकेदाराच्या घशात जाऊ नयेत.

बापूकाका: अर्जात हे पहिलं लिहा. वीर भाई कोतवाल आपल्याच माथेरानचे, नाभिकाच्या घरातले, शिकून वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सावकारापासून सोडवायला आदिवासी-शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्या खुर्चीवरून वाड्यांचा विचार आधी झालेला आहे, आजही होऊ शकतो.

भाऊजी: माझी सही धरा. घोडेवाल्यांपैकी आणखी पाच-सहा जणांना आणतो.

आत्या: आमचं मतदान अजून वरच आहे, आम्ही दोघं येऊ.

मी: काका, तुमचं हातरिक्षाचं लायसन्स शोधून ठेवा. खरा हातरिक्षावाला कोण हे ठरवताना तेच बघतील.

बापूकाका: पत्र्याच्या पेटीत आहे, आईच्या लुगड्याखाली. मागचं पान भिजून चिकटलंय. पिंट्या, शनिवारी वर ये आणि मोबाइलवर नीट फोटो काढून दे. नंबर वाचता आला पाहिजे.

पिंट्या: येतो मामा. तिथूनच अर्ज टाइप करतो.