अनुभव सांगा: मिडटर्मचं पाकीट आलंय, पेन उचलवत नाहीये

ओसरी
काल पोस्टातून इथल्या, अमेरिकेतल्या मिडटर्मची, म्हणजे अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावरच्या निवडणुकीची मतपत्रिका आली. टेबलावर चकलीची भाजणी गार व्हायला पसरली होती, पाकीट तिच्याशेजारीच ठेवलं. यंदा मतदान ३ नोव्हेंबरला आणि दिवाळी ८ ला, त्यामुळे घरात दोन्हींचा पसारा एकदमच पडलाय. ते पाकीट बघितलं आणि २०१८ आठवलं.

नागरिकत्वाची शपथ घेऊन सात महिने झाले होते. पहिलं मत, म्हणून सासूबाईंची नारायणपेठी नेसून गेले. शाळेच्या जिममध्ये केंद्र होतं. टेबलामागच्या आजींनी माझं आडनाव तीनदा विचारून घेतलं, नीट उच्चारता येईपर्यंत. माझ्या मागे रांग होती, तरी त्यांनी घाई केली नाही. मला भरून आलं होतं. त्या वर्षी डेमोक्रॅट्सना हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, ४० जागा जास्त मिळाल्या, न्यू जर्सीत तर १२ पैकी ११. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी पक्षासाठी फोन करत होते, त्यामुळे तो विजय मला घरचा वाटला.

आता त्याच पक्षाचा रोज मेसेज येतो, मध्यरात्रीपर्यंत पाच डॉलर द्या म्हणून. २०२४ ला जूनमध्ये प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, मत दिलं, २७ जूनला बायडेन-ट्रम्प डिबेट बघितला, २१ जुलैला बायडेननी माघार घेतली आणि उमेदवार बदलला. बदलायला हवाच होता, पण मग आम्हाला आधी का विचारलं नाही? त्यानंतर सातही स्विंग राज्यं, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे झुकणारी, गेली. का हरलो हे विचारायलाही कुणी दार वाजवलं नाही.

दुसऱ्या पक्षाला मत देणं मला जमणार नाही आणि हे त्यांना ठाऊक आहे. दुखणं तेच आहे. तुमचं काय चाललंय? लिहा.

पारिजात७२
भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नकोस गं. बाकी उद्या लिहिते, डबे भरतेय.

कोयनाकाठ
आम्ही मिशिगनला. मुलगी अ‍ॅन आर्बरला शिकत होती. २७ फेब्रुवारी २०२४ च्या प्रायमरीत तिने 'अनकमिटेड' वर, म्हणजे 'यातलं कुणीच नाही' वर, खूण केली, गाझामुळे. राज्यात लाखावर लोकांनी तेच केलं. जेवताना मी तिच्यावर ओरडलो, घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला म्हणून. ती म्हणाली, बाबा, चव्हाट्यावर नाही आणलं तर ऐकतं कोण? नोव्हेंबरमध्ये मिशिगन गेलं. त्यावर आम्ही दोघं अजून बोललेलो नाही. सुट्टीला घरी येते, भांडी घासायला मदत करते, तो विषय आला की उठून जाते. मी तेव्हा ओरडायला नको होतं.

ओसरी
@कोयनाकाठ दादा, तुम्हीच आधी बोला तिच्याशी. मुलं वाट बघत असतात.

तिसरी_घंटा
मत नसलेल्यांनी लिहिलं तर चालेल का? १७ वर्षं झाली इथे. टॅक्स भरतो, घर घेतलं, मंडळात गणपतीची आरास करतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. नोकरीवरची वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारताची रांग पिढीभर सरकत नाही.

२०१९ ला हाउसमध्ये ही मर्यादा काढायचं बिल ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, आम्ही पेढे वाटले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही, म्हणजे वरच्या सभागृहानेही, पास केलं, पण मसुदा वेगळा. दोघांचं जुळलंच नाही आणि मुदत संपली. डिसेंबर २०२२ ला हाउस डेमोक्रॅट्सच्या हातात होतं. तसंच बिल मतदानाला येणार म्हणून मी ऑफिसातून सुट्टी घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. मतं पुरत नाहीत म्हणून ते मागे घेतलं. त्या दिवसानंतर मी बातम्या बघणं सोडलं. रिपब्लिकनांकडून अपेक्षाच नव्हती. ज्यांच्या भाषणांना आम्ही टाळ्या वाजवल्या, त्यांचं लागलं.

लेक चार वर्षांची असताना आली, मार्चमध्ये २१ ची होईल. मग ती आमच्या अर्जातून बाहेर. इथेच वाढलेल्या मुलीला स्टुडंट व्हिसा काढायचाय.

पारिजात७२
अरे देवा. वकिलाकडे आत्ताच जा, मार्चची वाट बघू नका. माझ्या नणंदेच्या मुलाचं शेवटच्या महिन्यात फार धावपळीत झालं.

सुईदोरा
माझं शिवणाचं छोटं काम आहे, नवरा पण स्वतःच्याच धंद्यात. हेल्थ इन्शुरन्स सरकारी मार्केटप्लेसमधून घेतो. २०२५ अखेर वाढीव सबसिडी संपली. महिन्याचा हप्ता ६४० वरून १,३१० वर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच मुद्द्यावर सरकार बंद पडलं, ४३ दिवस. पहिल्यांदा वाटलं की आमच्यासाठी कुणीतरी पाय रोवून उभं राहिलंय. मग सिनेटमधल्या डेमोक्रॅट्सच्या गटातल्या आठ जणांनी उघडायच्या बाजूने मत दिलं आणि सरकार उघडलं. सबसिडीचं नुसतं 'पुढे मतदान घेऊ' असं आश्वासन मिळालं. बंदमुळे विमानतळावरच्या माणसांचे पगार अडकले होते हे मला कळतं, माझीच मैत्रीण तिथे आहे, तिला डाळ-तांदूळ मीच नेऊन दिले. पण ४० दिवस थांबायला लावून शेवटी हात रिकामे? मी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय.

मोगरा_टेक्सास
सुईदोरा, गुडघ्याचं ढकलू नकोस, माझ्या आईने ढकललं आणि नंतर जिना बंद झाला तिचा.

माझी बाजू वेगळी आहे, शांतपणे वाचा ही विनंती. वर्षानुवर्षं डेमोक्रॅट्सना मत दिलं आणि २०२४ ला नाही दिलं. वाणसामानाचं बिल बघून ठरवलं. महागाईबद्दल बोललं की 'आकडे चांगले आहेत' असं ऐकवायचे, त्याचा संताप आला होता. मग सप्टेंबर २०२५ ला नवीन एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरची फी लागली. माझ्या भाच्याची पुण्यातली ऑफर त्याच आठवड्यात रद्द झाली. बहीण फोनवर काही बोलली नाही, नुसती रडली. आता मी कुणाची, ते मलाच कळत नाहीये.

बंदरवाट
साउथ जर्सी. ओसरी, त्या ११ मधला एक आमचा होता. २०१८ ला डेमोक्रॅट म्हणून निवडून आला, डिसेंबर २०१९ ला रिपब्लिकन झाला. त्याच्यासाठी मी थंडीत घरोघर फिरलो होतो. सांगलीला बाबांना सांगितलं तर म्हणाले, असं तिकडे पण होतं? मग २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी, तेव्हा त्यांचाच फोन आला. म्हणाले, तुला तेव्हा कसं वाटलं असेल ते आज कळलं. आमचं इतकं मोकळं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

तांबडफुटी
मिडटर्मला फोनवर 'मध्यावधी' म्हणाले तर आईने घाबरून विचारलं, सरकार पडलं का तुमचं? तिला समजावलं की दर दोन वर्षांनी हाउसच्या सगळ्या ४३५ जागा लागतातच. तर म्हणाली, बरंय की, आम्हाला महापालिकेसाठी २०२२ पासून २०२६ पर्यंत थांबायला लागलं.

कंदील
घाईत लिहितेय, स्विमिंग क्लासच्या पार्किंगमध्ये आहे. पक्ष बदलत नाही हे मला पटत नाही. न्यू जर्सीत प्रायमरीच्या मतपत्रिकेवर काउंटीच्या पक्षाने निवडलेले सगळे एका रांगेत छापायचे, 'द लाइन'. विरोधात उभा राहिलेला कुठेतरी कोपऱ्यात. वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे, हे असंच असतं. २०२४ ला सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले, मार्चमध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला, डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन गेली. आधी कितीतरी सामान्य लोक मीटिंगांना जाऊन भांडले होते, त्यात मी पण होते, बाळ कडेवर घेऊन. ओसरी, राग नोव्हेंबरमध्ये काढू नकोस, जूनमध्ये काढ. प्रायमरीला आपले लोक येतच नाहीत. मुलगा आला, बाकी नंतर

पारिजात७२
डबे झाले. आमच्याकडे हे डेमोक्रॅट, मी कुणाचीच नाही. मी फक्त स्कूल बोर्डाचं मनापासून भरते, कारण त्यातली दोन माणसं मला दुकानात भेटतात आणि थांबून ऐकतात.

सुईदोरा
@मोगरा_टेक्सास ताई, तुमच्या भाच्याचं वाचून वाईट वाटलं. दुसरीकडे मिळालं का त्याला?

मोगरा_टेक्सास
मिळालं गं, जर्मनीत. भाषा शिकतोय.

कोयनाकाठ
आत्ता मुलीला फोन केला. सॉरी म्हटलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मी पण त्या नोव्हेंबरात खूप रडले बाबा. दिवाळीला येतेय.

ओसरी
दादा 🙏

सगळ्यांचं वाचलं. तिसरी_घंटांचं दोनदा वाचलं. काल रात्री पाकीट उघडलं. स्कूल बोर्ड आधी भरलं, पारिजातचं ऐकून. वरचा रकाना अजून कोरा आहे, आज भरेन. जर्सीवाल्यांनो, आतल्या पाकिटाच्या सर्टिफिकेटवर सही विसरू नका, आणि ड्रॉप बॉक्स ३ तारखेला रात्री आठपर्यंतच.

तिसरी_घंटा
धन्यवाद. वकिलाची वेळ मिळाली, पुढच्या गुरुवारची. लेकीला हा धागा वाचून दाखवला. २०२४ ला तिने मैत्रिणींना गाडीतून केंद्रावर नेलं होतं, दोन फेऱ्या. स्वतः बाहेर गाडीत बसून राहिली. यंदा पण नेणार म्हणते, गाडीत पेट्रोल भरून ठेवा म्हणाली.

पारिजात७२
तिच्यासाठी चकल्या पाठवते. पत्ता मेसेज करा.