अपडेटनंतर माइकमधून सतत आवाज, संध्याकाळी क्लास आहे – मदत हवी आहे

गंधारी:
काल रात्री लॅपटॉप अपडेट केला. तेव्हापासून माइकमधून मागे सतत आवाज येतोय. माझं बोलणं समोर ऐकू जातं, पण त्या आवाजात गाणं शिकवणं अशक्य आहे. आज संध्याकाळी ऑनलाइन क्लास आहे. मुली न्यू जर्सीत, त्यांची तेव्हा सकाळ, त्यामुळे वेळ हलवता येत नाही. 'रीस्टार्ट करून बघा' सांगू नका, केलंय. प्लीज लवकर सांगा.

तिरपीवाट:
ताई, कुठली सिस्टिम? माइक लॅपटॉपचाच की बाहेरचा? आवाज कसा आहे, खरखर, घूं की सरसर?

मीठभाकर:
विंडोजमध्ये मायक्रोफोनच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स उघडा, मायक्रोफोन बूस्ट शून्य करा. ऑडिओ एनहान्समेंट्स बंद. बाकी कशाची गरज नाही.

गंधारी:
विंडोज नाही, लिनक्स. भाच्याने घालून दिलंय आणि तो आत्ता फोन उचलत नाहीये. माइक कॉलरला लावायचा, गोल पिनचा.

बापू_रेडिओवाले:
अपडेटचा काही संबंध नाही. अर्थिंग बघा. चार्जर काढून बॅटरीवर चालवा, आवाज गेला तर दोष विजेकडचा.

तिरपीवाट:
बापू, अपडेटच्या आधी आवाज नव्हता असं दिसतंय. अर्थिंग एका रात्रीत बिघडलं का?

बापू_रेडिओवाले:
अपडेट करताना सगळेच चार्जर लावतात. नंतर तो काढला का, हे त्यांनी सांगितलंय कुठे? ताई, तुम्ही गाणाऱ्या, तुमच्यासाठी सोपी परीक्षा आहे. पेटीवर पांढरी पाच ही पट्टी दाबून धरा. आपली वीज 50 हर्ट्झची, तिची घूं 50 किंवा 100 वर घुमते. खालच्या सप्तकातली पांढरी पाच 98 हर्ट्झला, म्हणजे घूं तिच्याहून किंचित चढी लागेल. लागली तर ती वीजच.

अटलांटिकपार:
इथे अमेरिकेत 60 हर्ट्झ. ती घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडते, कशालाच लागत नाही. माझ्या तानपुऱ्याच्या अ‍ॅपशी कायम भांडते. कुणाला चांगलं अ‍ॅप माहीत आहे का?

निवांत_नागपूर:
यूएसबी माइक घ्या, विषय संपला. मी तेच केलं.

गंधारी:
संध्याकाळपर्यंत कुठून आणू? बापू, पेटीवर पाहिलं. आवाज दोन आहेत. घूं पांढरी पाचला लागते, जराशी चढी, आणि चार्जर काढला की जाते. पण दुसरी सरसर आहे, तिला सूरच नाही. ती तशीच आहे.

तिरपीवाट:
सूर नाही म्हणजे गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, जास्त झालाय. आता कॉलर माइकवर नखाने टकटक करा, मग लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला. कुठली मोठी येते?

गंधारी:
पडद्याची! कॉलरची जेमतेम.

तिरपीवाट:
मग कॉलर माइक चालूच नाही, लॅपटॉपचा आतला माइक लांबून ओढतोय. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत आवाज सांभाळणारा पल्सऑडिओ हा प्रोग्राम जाऊन पाईपवायर आलंय (फेडोरात 2021 मध्ये, उबुंटूत 22.10 पासून). अशा बदलात इनपुटची जुनी निवड टिकेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये साऊंड, तिथे इनपुटला हेडसेट मायक्रोफोन निवडा. मग टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) अल्सामिक्सर हा आवाजाच्या पातळ्यांचा प्रोग्राम चालवा. एफ6 ने साऊंड कार्ड, एफ4 ने कॅप्चर. 'माइक बूस्ट' 10-10 डेसिबलने चढतो, 30 पर्यंत. 30 म्हणजे सिग्नल जवळपास 32 पट, सरसरही तितकीच. शून्य किंवा 10 ठेवा. सेटिंग्जमधली इनपुटची पट्टी फार वर नेली तर हा बूस्ट पुन्हा चढू शकतो, तिकडेही लक्ष असू द्या.

मीठभाकर:
मी दुसऱ्याच प्रतिसादात बूस्ट म्हटलं होतं.

निवांत_नागपूर:
ईझीइफेक्ट्स हे आवाज सुधारायचं अ‍ॅप टाकून नॉइज रिडक्शन लावा. पंखा, कुकर, कुत्रं, सगळं गायब.

तिरपीवाट:
गाण्याला अजिबात नको! ते बोलणं ओळखायला शिकवलेलं असतं. तानपुरा सलग वाजतो, त्यालाही ते गोंगाट समजून कापतं. लांब आस धरली की सूर मधेच तुटतो. ताई, क्लास झूमवर असेल तर तेही स्वतःहून असंच कापतं, ते थांबवायला 'ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा.

गंधारी:
झूमच आहे. हेडसेट निवडलं, बूस्ट 30 वर होता तो 10 केला. सरसर गेली! रेकॉर्ड करून ऐकलं, सा स्वच्छ येतोय. आणि मुली कधीपासून म्हणतात की तानपुरा येतो-जातो, ते झूमची ती सेटिंग बंद असल्यामुळेच असणार, आता ती चालू केली. लॅपटॉप चार्ज करून क्लास बॅटरीवर घेते. बापू, घूंचं काय करू?

बापू_रेडिओवाले:
चार्जरची पिन तीनची असेल आणि दोन पिनच्या एक्स्टेंशनमध्ये लावली असेल तर अर्थिंग मिळतच नाही. भिंतीतल्या तीन पिनच्या प्लगला थेट लावून बघा. तरी राहिली तर इलेक्ट्रिशियनला बोलवून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. स्वतः खोलू नका.

अटलांटिकपार:
तानपुऱ्याच्या अ‍ॅपचं कुणी सांगितलं नाही.