क्लोराइड आतड्याच्या पोकळीतच का जाते?

जिज्ञासू:
कॉलऱ्याच्या विषामुळे आतड्याच्या अस्तरपेशींत सायक्लिक एएमपी (पेशीतील एक संदेशवाहक रेणू) वाढते, सीएफटीआर ही क्लोराइडची वाहिनी उघडते आणि पाणी पोकळीत येते, एवढे पाठ्यपुस्तकात असते. पण वाहिनी ही केवळ वाट आहे. तिच्यातून क्लोराइड बाहेरच का जावे? शिवाय त्याच वेळी सोडियमचे शोषणही मंदावत असेल, तर जलसंजीवनी उपयोगी कशी पडते?

पेशीमित्र:
दिशा ठरते ती पेशीच्या रक्ताकडील बाजूस. तेथील सोडियम-पोटॅशियम पंप पेशीतील सोडियम सतत कमी ठेवतो, आणि त्या उताराचा फायदा घेऊन एनकेसीसी१ हा वाहक एका सोडियमबरोबर एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आत ओढतो. आत आलेले पोटॅशियम त्याच बाजूच्या वाहिन्यांमधून परत बाहेर पडते, त्यामुळे पेशीचा अंतर्भाग ऋणभारित राहतो आणि साठलेले क्लोराइड, वाट मिळताच, पोकळीकडे ढकलले जाते. त्याच्यामागोमाग सोडियम पेशींमधल्या फटींतून जाते, पाणीही जाते. या पोटॅशियमच्या वाहिन्या बंद केल्या, तर सीएफटीआर उघडी असूनही स्रवण ओसरते; पाठ्यपुस्तके या भागाला फारच कमी जागा देतात.

अभ्यासक:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सायक्लिक एएमपी प्रथिनकायनेज-ए या विकरामार्फत सीएफटीआर उघडते आणि एनएचई३ हा सोडियम-हायड्रोजन विनिमयक मंदावते. मात्र दोन सोडियमबरोबर एक ग्लुकोज आत नेणारा एसजीएलटी१ या आदेशाला बधत नाही. जलसंजीवनी याच वाटेवर विसंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या द्रावणात सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल प्रतिलिटर आहेत आणि एकूण ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची संहती, २४५ मिलिऑस्मोल प्रतिलिटर आहे. ग्लुकोज फार वाढवले, तर न शोषलेली साखरच पाणी ओढून घेते, म्हणून जास्त गोड द्रावण अधिक चांगले असे मुळीच नाही. स्रवण मुख्यतः खालच्या खोबणींतील पेशींत, तर शोषण वरच्या विलींवर (बोटांसारख्या उंचवट्यांवर) होते, असे साधारणपणे मानले जाते. ही विभागणी काटेकोर नाही.

जिज्ञासू:
मग सायक्लिक एएमपीखेरीज दुसरा कोणता संदेश असतो का?

पेशीमित्र:
असतो. ॲसिटिलकोलिन हे चेतातंतूंतून स्रवणारे रसायन पेशीतील कॅल्शियम वाढवून प्रामुख्याने पोटॅशियमच्या वाहिन्या उघडते. हा प्रतिसाद बहुधा अल्पकाळ टिकतो. ई. कोलायचे उष्णतास्थिर विष ग्वानिलेट सायक्लेज-सी हे विकर चेतवून सायक्लिक जीएमपी हा दुसरा संदेशवाहक रेणू वाढवते आणि अखेरीस सीएफटीआरपर्यंतच पोहोचते. बद्धकोष्ठतेवरचे लिनाक्लोटाइड हे औषधही याच सायक्लेजला चेतवते.