हॉलची किल्ली कुणाकडं होती?

माने वहिनी (बी-२०३): सगळ्यांना नमस्कार. एकच विचारायचंय. आज सकाळी हॉलची किल्ली कुणाकडं होती? महापालिकेच्या आरोग्य केंद्रातनं नर्सताई आणि आशाताई साडेनऊला आल्या. बीपीचं मशीन, शुगरच्या पट्ट्या, वजनकाटा, सगळं घेऊन. पाऊण तास जिन्याच्या पायरीवर बसल्या. शेवटी वॉचमनमामांची खुर्ची मागून लिफ्टसमोरच तपासणी केली. ८४ फ्लॅटमधनं ११ माणसं आली. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

पाटील सेक्रेटरी (ए-४०१): वहिनी, किल्ली माझ्याकडंच होती. पण आदल्या रात्री कळवलंसा. मला पहाटे गडहिंग्लजला जायचं होतं.

माने वहिनी: मागच्या रविवारीच मेसेज टाकलाय साहेब. वर जाऊन बघा. त्याच्याखाली भिशीचे चाळीस मेसेज आहेत.

देसाईकाका (सी-१०१): गेटसमोरच्या स्पीडब्रेकरचं काय झालं? माझा विषय आधीचा आहे.

रोहित (ए-१०४): पुढच्या वेळी रविवारी नको फक्त. तांबडा-पांढरा हाणून कोण खाली येतंय?

शिंदेकाकू (ए-२०२): भिशीचं नाव कशाला मध्ये? भिशीवाल्या चार जणी आल्या होत्या तपासायला. कमिटीतलं कोण आलं ते सांगा.

कुलकर्णी सर (बी-५०१): आम्ही दर सहा महिन्यांनी लॅबमध्ये करून घेतो. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही सोय ठीक आहे.

माने वहिनी: सर, राग मानू नका, पण परवडण्याचा प्रश्नच नाही. आमच्या मामंजींना तुम्ही सगळे ओळखत होतासा. रोज रंकाळ्याला फेरी, कधी डोकं दुखलं नाही, चक्कर नाही. एका सकाळी कपबशी हातातनं सुटली, तोंड वाकडं झालं. वारं लागलं म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. दवाखान्यात पोचायला सहा तास गेले. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे तिथं कळलं. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं बीपी कधी बघितलंय? घरात पाच माणसं, एकालाही सांगता आलं नाही. म्हणून मी या तपासणीच्या मागं लागलेय.

सुतारताई (सी-३०३): वहिनी बरोबर बोलतायत. मी दवाखान्याच्या वॉर्डात रोज हेच बघते. बीपी १४०/९० च्या वर गेलं तरी माणसाला काही जाणवत नाही, तो हिंडत-फिरत असतो. आत रक्तवाहिन्या आणि किडन्या झिजत असतात. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायची, त्रास असो-नसो, असा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे. तो चालवायचं काम शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रांचं. आकडा जास्त आला तर परत मोजतात आणि डॉक्टरकडं पाठवतात. गोळ्या फुकट मिळतात. तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंडही बघतात. आज मशेरी लावणाऱ्या तिघी तोंड उघडायला लाजल्या. लिफ्टसमोर कोण उघडणार? हॉल त्यासाठीच पाहिजे होता.

जाधवमावशी (बी-१०२): फॉरवर्डेड. कारल्याचा रस आणि मेथी उपाशीपोटी घ्या, २१ दिवसांत शुगर मुळासकट जाते. सगळ्यांना पाठवा.

सुतारताई: मावशी, मेथी खावा की. पण चालू गोळी या मेसेजवर बंद करू नका, हात जोडते. आणि लोणचं-पापड-खर्डा जरा बेतानं. दिवसाला माणशी मीठ ५ ग्रॅमच्या आत पाहिजे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्यात मिळून.

रोहित: खर्ड्यावर बोलायचं काम नाही ताई.

देसाईकाका: गेटसमोरच्या स्पीडब्रेकरचं काय झालं? माझा विषय आधीचा आहे.

पाटील सेक्रेटरी: काका, सह्या गोळा करून तुम्हीच तो बांधायला लावलासा. आता दर दोन तासांनी विचारतासा.

देसाईकाका: मी स्पीडब्रेकर मागितला होता. भिंत मागितली नव्हती. सी-२०४ च्या आजी नातवाच्या गाडीवरनं तिथंच पडल्या. खुबा मोडला. कमिटीतनं भेटायला किती जण गेले?

पाटील सेक्रेटरी: मी स्वतः दोनदा गेलोय. उगाच बोलू नका.

शिंदेकाकू: मेंटेनन्स थकवणाऱ्यांनी तरी कमिटीला विचारू नये.

देसाईकाका: माझी एक रुपयाची बाकी नाही. पावती टाकू का ग्रुपवर?

चव्हाण इंजिनिअर (ए-३०३): पावत्या राहू द्यात. संध्याकाळी टेप लावून आलो. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेच्या नियमात उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. चढ-उतार सावकाश पाहिजे, म्हणजे गाडी हळू होते पण उडत नाही. आपला १८ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद आहे. पट्टे नाहीत, अलीकडं फलक नाही, वरचा दिवा बंद. रस्ता महापालिकेचा. परवानगी न घेता आपणच रात्रीत सिमेंट ओतलं. आजी आपल्यामुळं पडल्या, हे आधी मान्य करूया.

(बराच वेळ कुणाचा मेसेज नाही.)

सुतारताई: काका, तुमचा विषय वेगळा नाही. म्हातारपणी खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतं. फिरणं बंद, शुगर वाढते, फुफ्फुसात कफ साठतो. पडू न देणं हा पण उपचारच. आणि मागं बसणाऱ्यानंसुद्धा हेल्मेट घालायचं असतं.

पाटील सेक्रेटरी: चव्हाणसाहेब, अर्जाचा मसुदा करा. असलेला फोडायचा आणि रीतसर करून मागायचा. विभागीय कार्यालयात मी स्वतः देतो. हॉलचं माझं चुकलं. मेसेज बघितला नाही.

माने वहिनी: झालं ते झालं. नर्सताई मंगळवारी परत यायला तयार आहेत, मी पाया पडून आलेय. साडेनऊला. बीपीच्या आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, पाच मिनिटं निवांत बसायचं. भाजीवाल्या मावशी, वॉचमनमामा, धुण्याभांड्याच्या बायका, सगळ्यांना बोलवायचं.

शिंदेकाकू: मंगळवारी भिशी अकराला. सगळ्याजणी आधी तपासून मगच बसू. मी बघते.

देसाईकाका: स्पीडब्रेकर?

चव्हाण इंजिनिअर: अर्ज तयार आहे काका. खाली या, पहिली सही तुमची.

कुलकर्णी सर: माने वहिनी, एक सांगायचं होतं. लॅबमध्ये मी फक्त शुगर बघतो. बीपीच्या गोळ्या दिवाळीपासून बंद आहेत. बरं वाटत होतं म्हणून थांबवल्या. घरात कुणाला बोललो नाही.

माने वहिनी: सर, मंगळवारपर्यंत थांबायचं नाही. सुतारताई ड्यूटीवरनं आल्या की आम्ही दोघी वर येतो. मशीन माझ्याकडं आहे. चहा घेऊ नका तोवर.

पाटील सेक्रेटरी: हॉलची किल्ली वॉचमनमामांकडं दिली आहे. दुसरी माने वहिनींच्या दाराला अडकवली आहे.