मदत हवी आहे: कागदावर सगळे पाचपैकी पाच, काउंटरवर मात्र ‘पाव्हणं’चं ‘पब्लिक’. हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. महाद्वार रोडला सासरचं ओटीच्या साहित्याचं दुकान आहे. खण, नारळ, हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, वेण्या. दिवसातले सहा-सात तास मी काउंटरवर असते आणि त्यातूनच बाहेरून एमए मानसशास्त्र करते आहे. सध्या दुसरं वर्ष. लघुप्रबंधाला विषय घेतलाय तो रोज डोळ्यांसमोर असलेला: अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावाहून येणाऱ्या लोकांकडे आम्ही इथले दुकानदार कसे बघतो. विषय मनापासून आवडीचा आहे, पण पद्धतीपाशी येऊन अडकले आहे. सामाजिक मानसशास्त्र किंवा संशोधनपद्धती शिकलेल्या, शिकवणाऱ्या कुणीही वाट दाखवली तर फार मदत होईल.

आधी काय केलं ते सांगते. स्थानिकांची पर्यटनाविषयीची वृत्ती मोजायला लँकफर्ड आणि हॉवर्ड यांची १९९४ सालची मापनी आहे. तिच्यातली विधानं घेतली, मराठीत आणली, ज्या मैत्रिणीने मूळ विधानं पाहिलीच नव्हती तिच्याकडून परत इंग्रजीत करून घेतली आणि दोन्ही ताडून पाहिली. मग ४० दुकानांत फिरून भरून घेतली. महाद्वार, ताराबाई रोड, गुजरीचा थोडा भाग, चप्पल लाईन. हातात काय आलं? एका खालोखाल एक ‘पूर्ण सहमत’. पर्यटकांमुळे गावाची भरभराट होते, पूर्ण सहमत. पर्यटकांशी बोलायला आवडतं, पूर्ण सहमत. सगळ्यांचंच उत्तर एक असेल तर त्यातून शोधायचं तरी काय?

एक प्रसंग तर डोळ्यांसमोरून जात नाही. समोरच्या प्रसादाच्या दुकानातले काका रविवारी दुपारी माझा कागद भरत होते. ‘वैनी, तुमचं मार्क आमी कमी हू देत न्हाई बगा,’ असं आधीच सांगून टाकलं होतं. तेवढ्यात लेकुरवाळं एक कुटुंब आलं, हिंदीत पार्किंग विचारू लागलं. काकांनी मान वर न करता हातातलं पेन बिंदू चौकाच्या दिशेला केलं आणि तेच पेन परत कागदावर टेकवून ‘बाहेरगावच्या लोकांना मदत करायला मला आवडते’ या विधानापुढे ५ वर गोल केला.

काका खोटं बोलत होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. याच काकांनी त्याआधीच्या बुधवारी सकाळी विजापूरकडच्या एका आजींची पिशवी स्वतः उचलून त्यांना महाद्वारापर्यंत नेऊन सोडलं होतं. रविवारचे काका खरे आणि बुधवारचेही खरे. कागदावर मात्र तिसरेच कुणीतरी उतरले, आणि नेमके तेच माझ्या तक्त्यात गेले.

अभ्यासक्रमात रिचर्ड लापिअरचा प्रयोग आहे, तो वाचला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही अडचण माझ्या एकटीची नाही. १९३०च्या सुमाराला तो एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर फिरला. तिकडे तेव्हा चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. तरी अडीचशेहून जास्त हॉटेलं-खानावळींत मिळून फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाइकांना घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हणून कळवलं. हे १९३४ साली छापून आलं. माझ्याकडे गाडी उलट्या दिशेने चाललीय: त्याच्याकडे कागद कडू आणि वागणं गोड, माझ्याकडे कागद गोड. पण बोललेलं आणि केलेलं यांतली फट तीच.

आता मुख्य मुद्दा. श्रावणापासून मी काउंटरखाली एक वही ठेवलीय. समोरच्या माणसाचा उल्लेख दुकानदार कोणत्या शब्दाने करतात, तेवढंच लिहिते. बुधवारी-गुरुवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. (मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, त्यामुळे ते गर्दीतच धरावे लागतात.) मोकळ्या सकाळी शब्द असतो ‘पाव्हणं’. ‘या पाव्हणं, चपला हितं काढा, पैसं न्हाईत.’ बाईमाणसाला ‘ताई’, ‘मावशी’. गर्दी वाढली की ‘गिऱ्हाईक’. शनिवारी दुपारी ‘पब्लिक’. ‘आज लई पब्लिक हाय.’ आणि रविवारी, गल्लीत गाड्या अडकल्या की माणूस उरतच नाही, नंबरप्लेट उरते: ‘ते बारावालं बगा कुठं लावलंय’, ‘केएवाल्याला मागं घ्यायला सांगा.’

पर्यटनाचा अभ्यासक डॉक्सी याने १९७५ साली मांडलेल्या चार पायऱ्या बऱ्याच जणांना माहीत असतील. गावाला पर्यटकांचं आधी अप्रूप, मग सवय होऊन बेफिकिरी, मग वैताग, शेवटी उघड वैर. पण त्या पायऱ्या एखादं गाव वर्षानुवर्षांत चढतं. मला आमच्या काउंटरवर त्यातल्या निदान तीन बुधवार ते रविवार एवढ्यात दिसतात, आणि पुढच्या बुधवारी माणसं परत पहिल्या पायरीवर आलेली असतात. म्हणून मला ही गावाची पायरी वाटत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल म्हणतो त्याप्रमाणे एका टोकाला माणूस माणसाशी वागतो आणि दुसऱ्या टोकाला गट गटाशी. ‘पाव्हणं’ म्हणताना समोर एक चेहरा असतो. ‘बारावालं’ (एमएच १२, पुण्याची गाडी) म्हणताना आपण नऊवाले (एमएच ०९, कोल्हापूरचे) झालेलो असतो. माझं म्हणणं एवढंच की हा शब्द कधी बदलतो ते टिपलं, तर वृत्ती कधी बदलते ते कळेल, आणि तेही कुणाला काही न विचारता.

मार्गदर्शकांना हे पटत नाही. ‘दुकानात बसून ऐकलेलं म्हणजे संशोधन नव्हे,’ असं ते म्हणाले. त्यांनी विषयच बदलायला सुचवलं: पर्यटकांचं वागणं घ्या, त्यावर भरपूर काम झालंय. झालंय खरं. अ‍ॅरिझोनातल्या दगड झालेल्या झाडांच्या उद्यानातला चाल्डिनींचा प्रयोग मलाही फार आवडतो. ‘आधी आलेल्या पुष्कळ लोकांनी लाकूड उचलून नेलं’ असं फलकावर लिहिलं तर चोरी वाढली, ‘कृपया नेऊ नका’ एवढंच लिहिलं तर ती खूपच कमी राहिली. आपल्या रंकाळ्यावरच्या फलकांनाही हे लागू करून बघावं असं वाटतं. पण पाहुण्याकडे बघणारे पुष्कळ आहेत, यजमानाच्या बाजूने उभं राहून बघणारे त्या मानाने थोडे. मी त्या बाजूलाच बसलेली आहे, ती जागा सोडवत नाही.

तर मला विचारायचं ते असं. शब्दांच्या मोजणीला लघुप्रबंधात मान्यता मिळावी म्हणून किमान काय करावं लागेल? दुसरा निरीक्षक घेऊन दोघांच्या नोंदी किती जुळतात ते कोहेनच्या कप्पाने काढायचं एवढं मला माहीत आहे. त्याहून पुढे काय? गर्दी, ऊन, दुकानदाराचा थकवा हे सगळं एकाच वेळी वाढतं, मग शब्द नेमका कशामुळे बदलला हे वेगळं काढायचं तर प्रत्येक नोंदीबरोबर काय काय लिहून ठेवू? सध्या तारीख, वेळ आणि मंदिराच्या रांगेचं शेपूट कुठवर आलंय तेवढं लिहिते.

आणि सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न: परवानगी. ज्यांचं बोलणं मी टिपते ते शेजारी आहेत. माझ्या लग्नात वाढपाला उभी राहिलेली माणसं. सांगितलं तर बोलणं बदलेल, नाही सांगितलं तर मला झोप लागणार नाही. आतापर्यंतच्या वहीत एकाचंही नाव किंवा दुकान लिहिलेलं नाही, तरी वही वापरू की बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करू?

भर (आठवड्यानंतर):

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. परवानगीविषयी बहुतेकांचं एकच मत पडलं, आणि मी तसंच केलं. जुनी वही बाजूला ठेवली. प्रत्येक दुकानात जाऊन सांगितलं की पुढचे दोन महिने मी बोलण्यातले शब्द टिपणार आहे, कुणाचं टिपायचं नसेल तर सांगा. कोणते शब्द ते नाही सांगितलं. दोघे नको म्हणाले, त्यांना वगळलं. बाकीचे पहिले तीन दिवस जरा जपून बोलले. चौथ्या दिवशी रविवार होता, सगळं पूर्ववत.

‘तुम्हाला काय वाटतं’ऐवजी ‘आपल्या रोडवरच्या इतर दुकानदारांना काय वाटत असेल’ असं विचारा, हा इथे मिळालेला सल्लाही वापरून पाहिला. प्रसादवाले काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘इतरांचं म्हणाल तर, रविवारी आपल्याच गल्लीत आपनच पाव्हणं झाल्यागत वाटतंय त्यास्नी.’ पेन त्यांनी हातात घेतलंच नाही. मी तिथेच लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

आता एकच अडचण उरलीय. दुसरी निरीक्षक म्हणून पुतणीला घेतलं होतं. पण आमच्याकडे ‘ओ पाव्हणं, गाडी काढा की!’ असं कपाळाला आठ्या घालूनही म्हणतात, तेव्हा तो शब्द वहीतल्या पहिल्या, आपुलकीच्या रकान्यात घालून चालत नाही. पुतणीला तो सूर लगेच कळतो, कारण ती याच गल्लीत वाढली. पण मला काय सापडायला हवंय हेही तिला कळतं. बाहेरगावची वर्गमैत्रीण यायला तयार आहे, तिला अंदाज काहीच नाही, पण सूरही कळणार नाही. किरणोत्सव (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ते दिवस) ९ नोव्हेंबरला सुरू होतो, त्याआधी नमुन्यादाखल चार दिवसांच्या नोंदी करायच्या आहेत. दोघींपैकी कुणाला बसवू?