प्रचालक, जुने सदस्य की डोमेनवाला: शेवटचा शब्द कोणाचा?

पाटीपेन्सिल: आमचा स्वयंसेवकांनी चालवलेला ऑनलाइन समूह, 5 प्रचालक (ॲडमिन), मताचा हक्क असलेले 300 सदस्य. नियमावलीत एवढंच, 'निर्णय सहमतीने'. पण सहमती झाली हे ठरवायचं कोणी?

बोरू: नियमावली नंतर. आधी किल्ल्या कोणाकडे आहेत ते बघा: डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) कोणाच्या नावावर, सर्व्हरचा रूट (सर्वाधिकाराचा) पासवर्ड, बॅकअप, देणग्यांचं खातं. फ्रीनोड हे चॅट नेटवर्क रोज चालवत होते स्वयंसेवक, पण मालकीचा दावा दुसऱ्याचा. 2021 च्या मे महिन्यात वाद टोकाला गेला, स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट नव्याने उभं केलं. नाव मागेच राहिलं. निदान दोघांकडे किल्ल्या हव्यातच. डोमेन नूतनीकरणाचा मेलही सामायिक पत्त्यावर येऊ द्या, तो एकाच्याच इनबॉक्समध्ये पडून राहिला की संपलं.

आडवाट: 'सहमती' मोघम ठेवली की ज्याच्याकडे रिकामा वेळ जास्त, तो जिंकतो. निर्णयांचे प्रकार पाडा. अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेत कोडच्या बदलाला प्रकल्प समितीतल्या एकाचाही नकार रोखू शकतो, पण तांत्रिक कारणासकट. नुसतं 'नको' धरत नाहीत. नवी आवृत्ती काढताना मात्र नकाराधिकार नाही: समितीचे किमान 3 होकार, आणि होकार नकारांपेक्षा जास्त. मतदान साधारण 72 तास खुलं ठेवतात, म्हणजे नोकरी सांभाळून येणाऱ्यालाही संधी मिळते.

पाटीपेन्सिल: आणि गणसंख्या (निर्णयाला लागणारी किमान मतं)? निम्मी धरली तर कधीच भरणार नाही.

टाचण: निम्मी नकोच. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीच्या प्रकल्पाचं सूत्र घ्या: मतदारसंख्येच्या वर्गमुळाची दीडपट. 300 चं वर्गमूळ 17.3, म्हणजे 26 मतं. तीही नुसती हजेरी नव्हे. पसंतीक्रमात प्रस्तावाला 'यांपैकी काहीही नको' या पर्यायाच्या वर ठेवणारी मतं तेवढी लागतात. मतदारयादी मात्र घोषणेआधीच गोठवा, नाहीतर आयत्या वेळी नवी खाती उगवतात.

मूळ प्रश्नाबद्दल: चर्चेचा निष्कर्ष वादात न पडलेल्या प्रचालकाने लिहावा. विकिपीडियावर प्रचालकाकडे जादा बटणं असतात, जादा मत नाही. पाचही जण वादात असतील तर बाहेरचा एक अनुभवी सदस्य नेमा.

आडवाट: पाच जण एकाच गोटातले नाहीत ना, तेही बघा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या सुकाणू समितीत 5 जागा, आणि एकाच कंपनीतले 2 पेक्षा जास्त चालत नाहीत.

बोरू: प्रचालकाला काढायचं कसं, हे कलमही आत्ताच लिहा. भांडण सुरू झाल्यावर लिहिलेलं कलम त्या एका माणसासाठीच केलं असं सगळ्यांना वाटतं.